बाळूचं जेवण

आमच्या घरात सगळ्यात चोख कागदपत्रं कोणाची असतील तर बाळूची. आमच्या दोघांचे पीआरचे (कायम वास्तव्याचे) अर्ज अजून आशेवर आहेत. बाळूकडे मात्र रीतसर परवाना आहे आणि मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप. बाळू बोका आहे.

सिंगापूरच्या सरकारी एचडीबी इमारतींत 1989 पासून मांजर पाळायला बंदी होती. मांजरं घरात टिकत नाहीत, केस गाळतात आणि रात्री गळा काढतात, असं त्यामागचं म्हणणं. (या हिशेबानं आमच्या हॉस्टेलमधली निम्मी मुलं बाहेर गेली असती.) बंदी होती म्हणून मांजरं नव्हती असं नाही. कॉरिडॉरमधून जाताना पडद्याखालून शेपूट दिसायची आणि शेजारी सभ्यपणे चपला बघत पुढे जायचे. 1 सप्टेंबर 2024 ला बंदी उठली. आता एका फ्लॅटमध्ये दोन मांजरं चालतात. चिप हवी, परवाना हवा, आणि पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्यानं आधी ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करायचा. मूल जन्माला घालण्याआधी आम्हाला असलं काही कुणी विचारलं नव्हतं.

अभ्यासक्रम झाला, खिडक्यांना जाळ्या लागल्या, आणि साताऱ्याहून सासूबाई आल्या.

"अगं, किती वाळलाय हा! आणि हे खडे कसले घालतेस त्याला?"

"आई, त्यात सगळं असतं."

"सगळं असतं म्हणजे काय असतं?"

आमच्याकडे कुणावर जीव जडला की त्याच्या पुढ्यात ताट येतं. माया मोजायचं दुसरं माप सासूबाईंना माहीत नाही. चार किलोच्या, घरात लोळणाऱ्या बोक्याला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी पुरतात, हे त्यांना सांगणं म्हणजे जावयाला दुसरी पोळी नाकारण्यासारखं. बरगड्या हाताला लागायला हव्यात, असं पशुवैद्य म्हणतात. सासूबाईंनी हात फिरवून पाहिला, बरगड्या लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्यांदा दूधभात झाला. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. त्याचा पुरावा बाळूनं रात्रभर वाळूच्या ट्रेमध्ये सादर केला. "आमच्या वाड्यातली मांजरं दूधभातावरच वाढली," सासूबाई म्हणाल्या. वाढली खरी, पण त्यांचं मुख्य जेवण माळ्यावर व्हायचं. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. उंदरात ते भरपूर. वाड्यात दूधभात म्हणजे जेवणानंतरची बडीशेप होती. आमच्या अकराव्या मजल्यावर उंदीर येत नाही, म्हणून ते खडे.

मग कंदी पेढा. बाळूनं तो हुंगला, पंजानं सोफ्याखाली ढकलला आणि विसरला. मांजराला गोड चवच कळत नाही. ती ओळखणारं जनुकच त्यांच्यात मोडकं आहे, असं 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. साताऱ्याच्या पेढ्याचा असा अपमान सासूबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

खरी लढाई झाली ती कोंबडीच्या रश्श्यावरून. कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवा, वाळवा, पूड करा, फरक पडत नाही. आणि सासूबाई तर बॅगेतून कांदा-लसूण मसाल्याचा डबाच घेऊन आलेल्या. "धुऊन देते ना," त्या म्हणाल्या. रश्श्यातला तुकडा नळाखाली धरून अंगठ्यानं चोळू लागल्या. लाल तर्री सिंकमध्ये उतरली, तुकडा पांढरा पडला, पण आत मुरलेलं कसं धुणार? तो तुकडा मी खाल्ला. त्याला साबणाचा किंचित वास होता. शेवटी टेक्का मार्केटमधून बिनहाडाची कोंबडी आणून मीठ-हळदीशिवाय नुसती उकडायची आणि त्यातला बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा, असा तह झाला.

एकदा बाळूनं जेवणाकडे पाठ फिरवली. "राहू दे. लंघन बरं, पोट साफ होईल," इति सासूबाई. माणसाचं ठीक आहे. मांजर, त्यातही गुटगुटीत, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर तेवढीही वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना. हे ऐकल्यावर सासूबाई एवढ्या हादरल्या की रात्री उठून टॉर्च घेऊन बाळूचा ट्रे तपासू लागल्या. बाळूला हा खाजगी आयुष्यातला हस्तक्षेप वाटला असावा. तो कपाटावर जाऊन बसला.

चिनी नववर्षाला शेजारच्या आँटी लिलीची फुलं घेऊन आल्या, तेव्हा मी काही बोलायच्या आत सासूबाई दारात आडव्या उभ्या. "नो, नो! बाळू किडनी!" बरोबरच होतं. लिलीचे पराग अंगावर पडून नुसते चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सासूबाईंनी माझा अभ्यासक्रम टॅबवर स्वतः पुरा केला होता, हे मला तेव्हा कळलं. हल्ली साताऱ्याला फोन लावून त्या धाकट्या जावेला बजावत असतात, "मनीला रश्श्यातलं घालू नकोस गं, पेशी फुटतात."

दर रविवारी बाळूचं वजन होतं. आधी सासूबाई एकट्या काट्यावर उभ्या राहतात, मग त्याला कडेवर घेऊन, आणि मी वजाबाकी करते. गेल्या रविवारी बाळू अर्धा किलो जास्त भरला. मी उकडलेल्या कोंबडीच्या डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तो नाही वाढलेला," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळेला मीच वाढलेय."