बटरभाऊ

पहाटे साडेपाचला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात कंपनीची बस लागते. चाकणपर्यंत एक डुलकी काढावी म्हणून आपण मान टेकतो, तोच शेजारून आवाज येतो, "हात दाखव."

ज्योतिष नव्हे. बटरभाऊ आपला तळहात उलटा करतात, मोबाइलचा टॉर्च मारतात आणि क्वालिटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या थंडपणाने निकाल देतात, "रिजेक्ट." मग बॅगेतून डबा निघतो. शिया बटर.

दोन हिवाळ्यांपूर्वी भाऊंचे स्वतःचे हात उलले. मशिनवरून निथळत येणारे जॉब दिवसभर हातात घेऊन मोजायचे, आणखी काय होणार! पण भाऊंनी त्याचं रीतसर व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस केलं. हात का उलले? कोरडे पडले. कोरडे का पडले? त्वचेचं तेल गेलं. तेल का गेलं? कूलंटमुळे. इथवर चोख. कूलंट अल्कली, पीएच ९ च्या आसपास. आपली त्वचा ५ च्या. चौथा 'का' मात्र मेंटेनन्सच्या दारात जाणारा होता, आणि मेंटेनन्सशी भाऊंचं बोलणं नाही. त्यामुळे तिसऱ्या 'का'वरच त्यांनी पिंपरी कॅम्पातून डबा आणला.

हात भरले, हे नाकारून चालणार नाही. शियात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं भरपूर. ते अंगावर वितळतं, कोरड्या कातडीला मऊ करतं आणि आतला ओलावा उडू देत नाही. काम एवढंच, पण ते नेकीने करतं. भाऊंचं एवढ्यावर भागेना. घाना आणि बुर्किना फासोमधल्या बाया रानात पडलेल्या बिया वेचून, भाजून, दळून, पाण्यात घुसळून हे लोणी काढतात, हे त्यांनी वाचलं आणि डब्याचा देव्हारा झाला.

घरी आईला डबा दाखवला. आई गुहागरकडची. तिच्या लेखी बटर म्हणजे बेकरीतलं, खारीच्या शेजारचं. "चहात बुडवून खायचं का रे?" भाऊंनी कपाळाला हात लावला. आईने फळीवरून कोकमतेलाचा गोळा काढून पुढे ठेवला. "टाचांना हे लाव. तुझ्या आज्याने जन्मभर हेच लावलंन." भाऊ म्हणाले, त्यात डेटा नाही.

तसं आईचं चुकलं नव्हतं. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत कुठली वनस्पती चरबी चालेल, याची सहा नावांची यादी युरोपीय संघाने २००० साली केली. तीत शिया आहे आणि कोकमही आहे.

मग औषध सगळ्यांना सुरू झालं. भाच्याचं कपाळ आधीच तेलकट, त्यावर रोज थर. महिन्यात कपाळ तारुण्यपीटिकांनी भरलं. कोंड्यावर म्हणून एका सहकाऱ्याच्या डोक्यात चोळलं. कोंड्यातली बुरशी जगते चरबीवर. तिची दिवाळी झाली. मे महिन्यात बायकोला म्हणाले, "शिया असताना सनस्क्रीन कशाला?" ती चार दिवस बोलली नाही. तरी भाऊंचं आपलं एकच, "क्वांटिटी कमी पडतेय."

एकदा त्यांचा डबा पालथा करून मी मागचं वाचलं. घटक साधारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. समोर मोठ्या अक्षरांत शिया. मागे मात्र पाणी, मग डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन, आणि शिया पार शेवटी, सुगंधाच्याही खाली. आयुष्यभर लोकांचे जॉब उलटेपालटे करून पाहणाऱ्या माणसाने डबा तेवढा उलटा केला नव्हता.

हे सिलिकोनच पुढे नडलं. जानेवारीत पेंट शॉपमध्ये लाल ब्रॅकेटवर क्रेटर यायला लागले. राईएवढा खळगा, कडेला वरंबा, तळाशी उघडं प्रायमर. तीन दिवस रिवर्क. कस्टमरचा माणूस येऊन बसला. व्हाय-व्हाय करायला अर्थातच बटरभाऊ.

क्रेटर का? पृष्ठभागावर सिलिकोन. कुठून आलं? ब्रॅकेट रॅकला लावणाऱ्या पोरांच्या हातावरून. हातावर का? भाऊ थांबले. कस्टमरच्या माणसाने मार्कर उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फळ्यावर खाली मान घालून लिहिलं: क्रीम. क्रीम का? हात उलले. हात का उलले?

कस्टमरसमोर मेंटेनन्सला कूलंटची टाकी तपासावीच लागली. रिफ्रॅक्टोमीटरवर कूलंटचं प्रमाण बारा टक्के निघालं. हवं होतं सहा.

आता टाकीची तपासणी रोज होते आणि हात पुष्कळ कमी उलतात. पेंट शॉपच्या दारावर 'तंबाखू, मोबाइल' यांच्या खाली 'क्रीम, हेअर ऑइल' अशी भर पडली आहे. बटरभाऊंच्या बॅगेत सध्या आईचा कोकमतेलाचा गोळा असतो, आणि आज्याचा डेटा ते आता स्वतःच देतात.

तुमच्या टाचा उलल्या असतील तर रात्री पाय धुऊन, ओल आहे तोवर शिया लावा नाहीतर कोकमतेल, वर मोजे घाला. चेहरा तेलकट असेल तर तिकडे नेऊ नका. आणि पहाटेच्या बसमध्ये कुणी "हात दाखव" म्हणालं, तर हात खिशात घालून सांगा, "लावलंय, भाऊ."