बिनखिडकीचा समुद्र

जहाजावरच्या सर्वांत स्वस्त खोलीला खिडकी नसते. मुंबईहून गोव्याला, किंवा मुंबईहून निघून परत मुंबईलाच, अशी दोन-तीन रात्रींची क्रूझ बुक करायला बसलात की जाहिरातीत नव्याण्णवने संपणारा जो आकडा ठळक अक्षरांत दिसतो, तो या खोलीचा. वरचा फोटो मात्र बाल्कनीचा: पांढरे झगे घातलेलं जोडपं, हातांत पेले, पलीकडे निळंशार पाणी. आकडा तळातल्या खोलीचा आणि फोटो वरच्या मजल्यावरचा. मधले जिने ग्राहकाने कल्पनेने चढायचे.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्लॅट विकत घेतलेल्या माणसाला असल्या फोटोंची सवय असते. माझी तक्रार टीव्हीबद्दल आहे.

या बिनखिडकीच्या खोलीत टीव्ही असतो, आणि पुष्कळ जहाजांवर त्या टीव्हीवर एक वाहिनी असते, तिच्यावर अष्टौप्रहर समुद्र दाखवतात. कुठला समुद्र? हाच, खालचा. जहाजाच्या नाळेकडे कॅमेरा बसवलेला असतो, तो समोरचं पाणी टिपतो आणि तुमच्या पलंगासमोर आणून सोडतो. म्हणजे तुम्ही समुद्रात आहात, तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये एक पॅसेज आणि जास्त पैसे भरलेल्या कुणाची तरी खोली आहे, आणि तुम्ही उशीला टेकून, पाय लांब करून, समुद्र टीव्हीवर बघताय. रात्री हा कार्यक्रम संपूर्ण काळा असतो. तरी लोक तो चालू ठेवतात. पैसे भरलेत.

हा शोध मुंबईकरांसाठीच लागला असावा, असा मला दाट संशय आहे. या शहरात संडासाच्या झरोक्यातून, स्टुलावर उभं राहून, मान वाकडी करून समुद्राचा नखाएवढा तुकडा दिसत असला तरी बिल्डर त्या घराला ‘सी व्ह्यू’ म्हणतो आणि चौरस फुटामागे भाव चढवतो. समुद्र न दिसता समुद्राचे पैसे घ्यायचे, ही आमच्याकडची जुनी विद्या. पण बिल्डरला निदान झरोका तरी द्यावा लागतो. इथे तोही नाही. काही जहाजांवर म्हणे भिंतीवर पडदा असतो. खराखुरा, चुण्यांचा, दोरी ओढून सरकणारा. माणूस सकाळी उठतो, सवयीने पडदा सारतो, आणि मागे भिंत. किंवा आरसा. आरसा असेल तर त्यात एक गृहस्थ दिसतात, ज्यांनी या भिंतीसाठी तीन महिने आधी हप्त्याने पैसे भरलेले असतात. जहाजवाल्यांना माझी एक सूचना आहे. पडदा लावलाच आहे तर त्यामागे बोरिवलीचा एखादा स्कायवॉक रंगवून घ्या. माणूस सकाळी पडदा सारेल, स्कायवॉक बघेल, घरीच आहोत अशी त्याची खात्री पटेल आणि तो समाधानाने नाश्त्याला जाईल. वाटल्यास पार्श्वभूमीला सात-पंचावन्नच्या फास्टची घोषणा ठेवा. नाहीतरी ‘मुंबई ते मुंबई’ या सहलीसाठी जहाज कशाला हवं? बोरिवलीचा माणूस ती रोज करतो, तीही उभ्याने, आणि त्याला निदान दरवाजा तरी असतो.

पण एका बाबतीत मी जहाजवाल्यांवर अन्याय करतोय. बिनखिडकीच्या खोलीतल्या प्रवाशाला खरा समुद्र दाखवण्याची एक पक्की सोय आहे. जहाज निघताना सुरक्षेची कवायत होते. लाइफ जॅकेट कुठे आहे, भोंगा कसा वाजतो, कुठे जमायचं, हे सगळ्यांना सांगतात, आणि ती सक्तीची असते. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच परंपरेतली ही कवायत. कवायतीच्या वेळी या प्रवाशाला बहुधा लाइफबोटींच्या जवळपास नेऊन उभं करतात आणि तिथून त्याला प्रत्यक्ष पाणी दिसतं. म्हणजे समुद्र दाखवण्याची कायदेशीर जबाबदारी बुडण्याच्या शक्यतेपुरती आहे. बाकीच्या वेळी त्याने डेकवर जाऊन आपला आपण बघायचा, आरामखुर्ची रिकामी असल्यास. ती नसते. तिच्यावर सकाळी सहापासून कुणाचा तरी टॉवेल बसलेला असतो.

आता मूळ प्रश्न. ‘वर्थ आहे का?’ हा प्रश्न आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीआधी जिन्यात, लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हिशेब हवा असतो. आमच्या मजल्यावरच्या काकांनी तो करून ठेवला आहे. जाहिरातीतला आकडा माणशी, तोही एका खोलीत दोघं राहिले तर. त्यावर बंदराचे पैसे, सेवेचे पैसे, जीएसटी. शनिवार-रविवारचा भाव वेगळा. एकटा माणूस गेला तर त्याने न आलेल्या जोडीदाराचेही बरेचसे पैसे भरायचे, म्हणजे अविवाहितांना समाज जे टोमणे मारतो ते इथे बिलात छापून मिळतात. एवढं सगळं मांडून काका समेवर येतात: ‘पण जेवण आत आहे.’ आणि तिथून पुढे हिशेब फक्त जेवणाचा. दोन रात्री म्हणजे नाश्ते किती, दुपारची किती, रात्रीची किती, मधला चहा-भजी धरून ताटामागे काय पडतं. इडल्या किती खाल्ल्या की बंदराचे पैसे सुटतात. अमुक इडल्यांनंतर सहल फायद्यात जाते, ही रेषा काकांनी काढलेली आहे, आणि काकूंना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या वाटच्या गुलाबजामांचाही भार काका स्वतःवर घेणार आहेत. समुद्राचा रकाना या हिशेबात नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ‘तो आहेच की खाली.’

मग ठरवण्याचा दुसरा टप्पा: पोरं म्हणतात जाऊ, काकू म्हणतात बोट लागली तर? त्यावर सगळे हसतात. एवढ्या मोठ्या जहाजावर बोट लागते का कुणाला? लागते. कानाला हेलकावे कळत असतात आणि डोळ्यांसमोर न हलणारी भिंत असते, दोघांचं जमत नाही, आणि त्याचा निकाल पोट देतं. म्हणून जुने खलाशी उलटी येणाऱ्याला वर नेऊन क्षितिजाकडे बघायला लावत. क्षितिजासाठी खिडकी लागते. तिचे पैसे वेगळे.

इथवर मी मजेत होतो. मग मी नकाशा काढून बसलो आणि माझं डोकं फिरलं.

जहाज संध्याकाळी मुंबई सोडतं आणि दुसऱ्या दिवशी मुरगावला लागतं. म्हणजे अख्खं कोकण रात्रीतून जातं. भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी घोकलेला ७२० किलोमीटरचा किनारा, त्यातला मुंबईच्या दक्षिणेचा सगळा भाग, अंधारात. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आपण पेढे वाटले, स्टेटस ठेवले. त्यांतले चार या वाटेवर आहेत. खांदेरी वेलकम ड्रिंकमध्ये जातो. सुवर्णदुर्ग बॉलिवूड नाइटमध्ये. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग घोरण्यात. महाराजांनी ज्या समुद्रात किल्ला बांधण्याचा हट्ट धरला, त्या समुद्रातून आपण जातो आणि त्या वेळी डेकवर ‘लेडीज अँड जंटलमन, पुट युअर हँड्स अप’ चालू असतं. जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं, मान्य, किल्ले दिवसाही नीट दिसले नसते कदाचित. पण जयगडचं, रत्नागिरीचं, देवगडचं, वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह तरी? रात्रभर ती बिचारी डावीकडून डोळे मिचकावतात. त्यांच्याकडे कोण बघतं? जहाजाचा कप्तान, आणि तोही पगार घेतो म्हणून.

आणि हे जहाज वाटेत कुठे थांबत नाही. कुठेच. याच पाण्यातून ‘रोहिणी’, ‘चंपावती’, नंतर ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ अशा बोटी जात, आणि त्या थांबत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हताच. बोट बाहेर उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या, रडणारी पोरं, सगळं हेलकाव्यात वरखाली होत चढायचं-उतरायचं. ती काही मौज नव्हती. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ रेवसच्या वाटेवर बुडाली, शेकडो माणसं गेली. तरी कोकणी माणूस पुन्हा बोटीत बसला, कारण घरी जायला दुसरं धड साधन नव्हतं. त्या गरिबाचं डेकचं तिकीट सर्वांत स्वस्त होतं. वळकटी पसरायची आणि आभाळाखाली पडायचं. म्हणजे त्या काळी सर्वांत कमी पैसे भरणाऱ्याला संपूर्ण समुद्र मिळायचा, चहूबाजूंनी, वारा आणि खारं पाणी अंगावर उडण्यासकट. तोच डेक आज धुऊनपुसून, वर खुर्ची टाकून, सर्वांत जास्त पैसे भरणाऱ्याला ‘प्रायव्हेट बाल्कनी’ म्हणून देतात, आणि सर्वांत कमी भरणाऱ्याला टीव्ही.

ती प्रवासी बोट ऐंशीच्या दशकात बंद पडली. का, तर रस्ते आले, एसटी आली, पुढे रेल्वे येणार होती. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे, आणि गणपतीला तिचं आरक्षण उघडताक्षणी संपतं. राहिला रस्ता. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या साली जन्मलेली मुलं हायस्कुलात गेली. त्यांना मिशा फुटल्या. दर गणपतीला त्यांना त्याच खड्ड्यांतून, त्याच वळणरस्त्यांवरून, त्याच ‘काम चालू आहे’च्या पाटीखालून, मागच्या सीटवर मोदकाचे डबे सांभाळत गावी नेलं जातं, आणि दरवर्षी त्यांना सांगितलं जातं की पुढच्या वर्षी रस्ता पूर्ण होणार. एवढा लांबलचक किनारा ज्या राज्याला आहे, त्या राज्यातला माणूस माणगावच्या कोंडीत पाच-पाच तास अडकून पडतो, आणि त्याच्या उजव्या हाताला, काही कोसांवर, समुद्र मोकळा पडलेला असतो. बिनखड्ड्यांचा. टोलशिवाय. त्यावरून रत्नागिरीला उतरवणारी, मालवणला उतरवणारी, परवडणाऱ्या तिकिटाची रोजची बोट या माणसाला कित्येक दशकांत पुन्हा मिळालेली नाही. मिळालं काय? बुफे. घरी पोहोचवणारी बोट नाही आणि कुठेच न नेणारी आहे. त्या जहाजावर जलतरण तलावही असतो. समुद्रात तलाव! आणि माझ्या मामेभावाच्या गावातल्या जेट्टीला गेली कित्येक वर्षं पायरी नाही.

असो. रक्तदाब आहे मला.

तर वर्थ आहे का? गोव्याला पोहोचायचं असेल तर नाही. मुरगावला उतरून पणजी, किनारा, देऊळ, काजू आणि परत जहाज, एवढं काही तासांत बसवायला निघालात की निम्मा वेळ टॅक्सीवाल्याशी भावाची बोलणी करण्यातच जातो. विश्रांती हवी असेल आणि खिडकीचे पैसे भरायची तयारी असेल, तर खुशाल जा. खोली घेताना गोव्याकडे जाताना डावी बाजू मागा. तिकडे दीपगृहं आहेत, आणि ती फुकट आहेत. बिनखिडकीची घेणार असाल तर घरीच राहा. बेडरूमचे पडदे ओढा, टीव्ही लावा, दोन दिवस शेजारच्या हॉटेलातून इडल्या मागवा. बंदराचे पैसे वाचतील.

आणि नुसता समुद्रच बघायचा असेल तर गेटवेहून घारापुरीची लाँच पकडा. वरच्या डेकचे थोडे पैसे वेगळे घेतात, ते द्या. किंवा कोकणात उतरा आणि खाड्यांवरच्या फेरीबोटींत बसा: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. गाडीसकट पलीकडे नेतात, कठड्याला टेकून उभं राहता येतं, शेजारी मासळीची टोपली असते, एसटी असते, लग्नाचं वऱ्हाड असतं. खोलीच नसल्यामुळे खिडकीचा प्रश्न येत नाही. आणि मुख्य म्हणजे फेरीबोट पलीकडच्या गावाला पोहोचते.

काकांनी मात्र बुकिंग करून टाकलं आहे. बिनखिडकीची, नॉन-रिफंडेबल. तुमच्याही सोसायटीत असे कुणी निघाले असतील तर त्यांना एवढंच सांगा: परत आल्यावर ग्रुपवर बुफेचे फोटो टाकू नका. इडली आम्ही पाहिलेली आहे.