माशाच्या उवेस खुले पत्र

आर्गुलसबाई,

छत्तीसगडातल्या कुरुदच्या तळ्यात जाळं ओढलं, तेव्हा हाती आलेल्या रोहूच्या पराच्या मुळाशी तू बसलेली दिसलीस. मसुराच्या दाण्याएवढी, चपटी, आरपार दिसणारी. डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे उठून दिसत होते. नखाने ढकललं तर सरकलीस, पण सुटली नाहीस. दोन चूषकांनी कातडी धरायची, काटा खुपसायचा आणि रक्त ओढायचं, एवढाच तुझा पराक्रम! भोवती लाल चट्टा, खवलं उचकटलेली.

कटला, मृगळ, रोहू एकाच पाण्यात राहतात, पण तुझी वाकडी नजर जास्त करून रोहूवर. मासा बिचारा अंग घासतो, उड्या मारतो, खाणं सोडतो. मग जखमेत जिवाणू आणि बुरशी शिरतात. माणसाला तुझ्यापासून काही होत नाही. पण चट्टे बघून गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि वर्षभर तरिया म्हणजे तळं सांभाळणारा केवट मच्छीमार भाव पाडून मासा विकतो. गरिबाच्या ताटातलं ओरबाडतेस, लाज कशी वाटत नाही?

तुला आणणारेही दोषी आहेतच. माशांची बोटुकली पिल्लं न तपासता सोडतात, तळ्यात मासे दाटीने कोंबतात. मग घाबरून गोचिडांवरचं औषध डेल्टामेथ्रिन पाण्यात ओततात. त्याने कटल्याचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव मरतात, तुझी अंडी मात्र तगतात.

पण तुझी एक खोड आम्हाला ठाऊक आहे. अंडी घालायला तू मासा सोडतेस आणि दगड, बांबू असं काही टणक बघून तिथे शेकडो अंडी ओळीने चिकटवतेस. इंग्लंडात ट्राउटच्या तळ्यांत तुझ्या बहिणीसाठी, आर्गुलस फोलिएशियससाठी, मुद्दाम फळ्या टांगतात आणि अंड्यांसकट उचलून नेतात. आमच्याकडे बांबूंना काय तोटा? आणि ऊन तर छत्तीसगडचं! बांबू रोवायचे, दर आठवड्याला उपटून अंडी खरवडायची, कडकडीत वाळवून पुन्हा रोवायचे. पाणी तापलं की तुझी अंडी लवकर फुटतात, म्हणून उन्हाळ्यात एकही खाडा नाही. तळं आटलं की भेगा पडेपर्यंत ऊन, वर चुना. नवी बोटुकली आधी वेगळ्या टाकीत. भिंगाने पर आणि कल्ले बघूनच तळ्यात.

तोवर खा काय खायचं ते.

तुझ्या मुळावर उठलेला,
कुरुदचा एक मासेखाऊ