हात हलवा, पावलं वाढवा

‘पीटीच्या तासाला कॅनव्हासचे बूट नसल्यास हरकत नाही. फिटनेस बँड मात्र पूर्ण चार्ज करून आणावा. बँड नसलेल्या विद्यार्थ्याचा व्यायाम ग्राह्य धरला जाणार नाही.’

तिसरीतल्या मुलाच्या डायरीत चिकटवलेली ही सूचना. शाळा कुठली ते विचारू नका. अंधेरीच्या वाचकाला ती अंधेरीतली वाटेल, मुलुंडच्या वाचकाला मुलुंडची, आणि दोघांचंही खरं असेल. तर, पोरगं जीव तोडून धावलं, घामाघूम झालं, गुडघा फोडून घरी आलं, तरी ते धावलेलं नाही. मनगटावर पुरावा कुठाय?

बँडच्या पोटात एक चिमुकला सेन्सर असतो. हाताला ठरावीक लयीत हिसके बसले की तो समजतो, माणूस चालतोय. पाय नावाचा अवयव त्याला ठाऊकच नाही. ही गोष्ट विकणाऱ्याने शाळेला सांगितली नाही, शाळेने पालकांना सांगितली नाही, आणि तिसरी ‘ब’ला ती कुणी सांगावी लागली नाही. पहिल्याच आठवड्यात शेवटच्या बाकावर शोध लागला की बसल्या जागी मनगट झटकलं तरी पावलं पडतात. आता पीटीच्या तासाला वर्गात डोकावलंत तर अख्खा वर्ग बाकांवर बसून हात झटकताना दिसेल, जणू सगळ्यांच्या हाताला एकदमच मुंग्या आल्यात. सर भिंतीवरच्या पडद्याकडे बघत असतात. पडद्यावर हिरव्या रेघा भराभर वर चढत असतात. सर खूश, पडदा खूश, मुलं तर खूशच.

चौथीत गेल्यावर माणसाला धंदा कळतो. चौथीतल्या एकाने दोन्ही हातांत मिळून आठ बँड चढवले आणि मधल्या सुट्टीत तीन मजले वर-खाली करायला सुरुवात केली. दर ठरलेला, हजार पावलांना वेफर्सचा एक पुडा. साऱ्या शाळेत खरा व्यायाम झाला तो या एकट्याचा. प्रकरण मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला बोलावून घेतलं, आठही बँड उतरवून ठेवले आणि जिन्यात धावल्याबद्दल तासभर उभं केलं.

जो अंग मोडून काही करतो, त्याची मात्र या यंत्राला कदर नाही. सूर्यनमस्कारात तळवे जमिनीला टेकलेले, म्हणजे पावलं जवळपास शून्य. मल्लखांबावर उलटं लटकून पद्मासन घालणारं पोर बँडच्या हिशेबी झोपलेलं असतं. आणि खो-खो! 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, आठ जण एकाआड एक उलट्या तोंडांनी चौकोनात बसलेले, नववा धावणारा. आता बँडला एक खोड आहे. मूल फार वेळ बसलं की तो थरथरतो आणि ‘उठा, जरा चाला’ असं दाखवतो. शाळेने ही मुदत शिस्तीखातर दोन मिनिटांवर आणून ठेवली आहे. त्यामुळे डाव रंगात आला असताना, कुणी खो न देताच, तीन चौकोनांतली तीन मुलं एकदम उभी राहिली. सरांनी शिट्टी मारली. फाउल! कोण उठलं, का उठलं? ‘सर, बँडने खो दिला.’

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष, महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारताने घेतली. शाळेने हा आनंद पुढच्याच पीटीच्या तासाला साजरा केला, म्हणजे सामना पडद्यावर दाखवला. मुलांनी टाळ्या पिटल्या. टाळ्यांचीही पावलं होतात. पडद्याच्या मते वर्षातला सर्वाधिक शारीरिक श्रमाचा तास तोच.

पुढे कबड्डीत कुणी कुणाचं मनगट धरलं आणि दोन बँडच्या काचा तडकल्या. दुसऱ्या दिवशी डायरीत नवी सूचना आली. बँड नाजूक असून भरपाई पालकांकडून घेतली जाईल, सबब बँड घालून कबड्डी, खो-खो, लगोरी व धावाधावीचे अन्य खेळ खेळू नयेत. बँड न घालता खेळलेला खेळ ग्राह्य नाही हे आधीच्या सूचनेत होतंच. दोन्ही सूचना एकाच पानावर, एकीखाली एक चिकटवल्यात. खाली पालकांची सही मागितली होती. सगळ्यांनी केली. मी एका पालकाला विचारलं, अहो, वाचलंत का काय लिहिलंय? म्हणाला, ‘सही करायला उशीर झाला की ग्रुपवर नाव येतं हो.’

तर ग्रुप. व्हॉट्सअॅपवर दर रविवारी रात्री मुलांच्या पावलांची क्रमवारी येते आणि सोमवारपासून घरोघरी पावलं पिकवायचा उद्योग सुरू होतो. मूल क्लासला जातं, बँड घरी थांबतो. सकाळी तो आजोबांच्या हातावर बागेत चार फेऱ्या मारतो, मग आजीच्या मनगटावर पोळ्या लाटतो. पोळ्या म्हणजे उत्तम व्यायाम, भाकऱ्या थापल्या तर विचारूच नका. कुकरची शिट्टी होईस्तोवर आजीची पाचशे पावलं होतात आणि नातवाचा नंबर वर जातो. गणपतीत दोन वेळच्या आरत्यांनी सगळ्यांचेच आकडे फुगले. नवरात्रात घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या पोरांनी असे काही उच्चांक केले की पडद्यावरची रेघ चौकटीबाहेर गेली. आईने बँड लोकलमध्ये नेऊन पाहिला, पण बोरिवली फास्टला हात हलवायला जागा असते हा समज ज्याचा असेल त्याने एकदा सकाळी चढून पाहावं. शेवटी शोध लागला रिक्षाचा. अंधेरी स्टेशनवरून मरोळला रिक्षाने जा, हात नुसता मांडीवर ठेवा, बाकीचं रस्ता बघतो. प्रत्येक खड्डा म्हणजे पाऊल, मोठा असेल तर दोन. पावसाळ्यात एलबीएस रोडवर घाटकोपर ते मुलुंड म्हणजे तर अर्धी पंढरीची वारी. इथे उपनगरांचा एक ऐतिहासिक फायदा ध्यानात घ्यायला हवा. रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या श्रीमंत पोरांना ही पावलं पैसे टाकूनही मिळायची नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच खड्ड्यांनी आम्हाला पुढे नेलं.

आणि हे सगळं कशासाठी, तर रोजची दहा हजार पावलं. शाळेच्या गेटवर फलकच आहे तसा. 1964 मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा झाली, आणि 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावातच घातला होता, कारण तो गोल होता आणि लक्षात राहायचा. त्यामागे संशोधन नव्हतं, ते पुष्कळ वर्षांनी मागून धापा टाकत आलं. पण जपान्यांचं एक मानायला हवं. ते यंत्र कमरेला लावायचं होतं. कंबर हलवायला निदान उठावं लागतं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, हा जगभर मान्य असलेला निकष. या शाळेत आठवड्याला पीटीचे दोन तास, तेही पस्तीस मिनिटांचे. त्यातला एक गणिताच्या बाई पोर्शन राहिलाय म्हणून नेतात. हे आपल्या वेळीही होतं, गणिताच्या बाईंना त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. उरलेल्या तासात पंधरा मिनिटं बँड जोडण्यात जातात. कुणाचा बँड भलत्याच मोबाइलला जोडला जातो, कुणाचा जोडलाच जात नाही. सरांच्या गळ्यात पूर्वी शिट्टी असायची, आता चार्जरच्या तीन वायरी असतात. सर कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेत म्हणे. हल्ली ते एक्स्टेन्शन बोर्ड शोधत फिरतात.

बरं, बँड ठेवा बाजूला. मैदानाचं बोला.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. खेळाचं साहित्य हवं असंही लिहिलंय. शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर मुलं असतील तर. पहिली ते पाचवीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी आपलं आपण बघावं. या शाळेला मैदान आहे हो. अर्ध्यात स्कूलबस उभ्या राहतात. उरलेल्या अर्ध्यावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलंय, वर जाळी, चारी कोपऱ्यांत फ्लडलाइट. संध्याकाळी सहानंतर तिथे तासाच्या भाड्याने चाळिशीतले काका बॉक्स क्रिकेट खेळतात आणि पोट सावरत एकमेकांना ‘गुड शॉट’ म्हणतात. दिवसा प्राथमिक विभागाला तिथे पाय ठेवू देत नाहीत, कारण मुलांच्या बुटांनी गवत खराब होतं. खरं असतं तर पुन्हा उगवलं असतं.

शाळेवर तरी किती खापर फोडणार? आमच्या सोसायट्यांच्या भिंती बघा. ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकूमावरून.’ कुणाचा हुकूम? कमिटीचा. कमिटी कोण? याच पोरांचे बाप. कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक ठोकलेत, त्यावर पडलं की ढोपर सोलून निघतं. ब्लॉकवर पिवळे पट्टे, पट्ट्यांत गाड्या, आणि ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत ते पट्ट्यासाठी भांडताहेत. पुनर्विकास झाला तर पोडियमवर रबरी जमिनीचा ‘किड्स झोन’ मिळतो, संध्याकाळी पाच ते सात, धावू नये. सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट कधी उघडं दिसलं तर आत बघा. शेअर सर्टिफिकेटच्या फायलींवर जप्त केलेले चेंडू ठेवलेले असतात. लव उडालेला टेनिसचा, एक लाल रबरी, एकावर मार्करने कुणीतरी आपलं नाव लिहिलेलं, अक्षर पहिली-दुसरीतलं. त्या पोराने तीन दिवस वॉचमनच्या मागे लागून चेंडू मागितला असेल. वॉचमन म्हणाला असेल, सेक्रेटरीसाहेबांना विचार. साहेब म्हणाले असतील, गाडीच्या काचेचे पैसे तुझा बाप देणार का? आणि हाच साहेब महिन्याभराने आपल्या मुलीसाठी दोन हजारांचा बँड घेऊन येतो, का, तर मुलं हल्ली मोबाइल सोडून हलतच नाहीत! कुठे हलायचं साहेब? तुम्ही ज्या इंचावर गाडी लावलीय तिथे? पोरांचं मैदान तुम्ही खाल्लंत, चेंडू कपाटात कोंडलात, आणि आता ती बसून राहतात याचा आलेख काढून तुम्हीच एकमेकांना पाठवताय. लाज हा प्रकार मोजणारा बँड अजून निघालेला नाही, हे तुमचं नशीब. 2020 च्या टाळेबंदीत मुलं पलंगावर उभी राहून ऑनलाइन पीटी करत होती आणि खालच्या मजल्यावरून ‘उड्या बंद करा’ म्हणून फोन येत होते. तेव्हा निदान सगळे म्हणत होते, हे तात्पुरतं आहे.

असो. बक्षिसाचं सांगायचं राहिलं.

वार्षिक क्रीडा महोत्सव यंदा सभागृहात झाला. धावण्याच्या शर्यती नव्हत्या, आकडे आधीच हातात होते. ‘सर्वाधिक सक्रिय विद्यार्थी’ हा चषक पडद्याने दुसरीतल्या एका मुलाला दिला. पावलं इतकी की दुसरा क्रमांक निम्म्यावरही नव्हता. टाळ्या वाजल्या (त्याही मोजल्या गेल्या), आणि तेवढ्यात वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की हा मुलगा पंधरा दिवस गोवर झाल्यामुळे शाळेतच आलेला नाही. चौकशी झाली. मुलाचे वडील रिक्षा चालवतात. बँड घरी नुसता पडून राहू नये म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हातात घातला आणि रोज बारा तास एलबीएस रोडवर धंदा केला.

मागच्या रांगेतल्या पालकांनी हरकत घेतली. आपण आजोबांना घेऊन प्रामाणिकपणे पावलं जमवायची आणि रिक्षावाल्याने ती बसल्या बसल्या मिळवायची, हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. मुलाचे वडील गणवेशातच आले होते. त्यांनी बँड काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘बाई, ह्याचं भाडं द्यायचं का काय?’

चषक तूर्त ऑफिसात आहे. सात जणांची समिती नेमली असून रिक्षाच्या पावलांतून खड्डे वजा कसे करायचे याचं सूत्र ती ठरवते आहे. पहिल्या बैठकीत जून ते सप्टेंबर वेगळा दर आणि एरवी वेगळा दर इथपर्यंत एकमत झालं. अडलंय ते काँक्रिटीकरण अर्धवट राहिलेल्या रस्त्यांवर. समिती पुढच्या शनिवारी प्रत्यक्ष पाहणी करणार आहे, रिक्षाने. सदस्यांनी आपापल्या मुलांचे बँड सोबत आणायचे आहेत.