चार आण्याची बंदूक, बारा बोअरचा मसाला

अमेरिकेतल्या गन क्लबवर नेमबाज आपल्या जागी उभा राहतो, बंदुकीचा दस्ता गालाशी घट्ट धरतो आणि मोठ्यानं ओरडतो, "पुल!" त्यासरशी समोरच्या यंत्रातून एक नारिंगी बशी सुटते आणि पुढचं सगळं सेकंद-दीड सेकंदात आटोपतं. बाकीच्या जगाला यात काही वावगं वाटत नाही. पण पार्ल्यात किंवा सदाशिव पेठेत वाढलेला माणूस पहिल्यांदा तिथे गेला, की त्याची मान बशीकडे न वळता मागे वळते. पुलंचं नाव घेऊन बार काढणारा हा संप्रदाय कोणता, आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाला याचा पत्ता कसा नाही?

सिनसिनाटीच्या उपनगरातला आपला कथानायक अशीच मान वळवून पहिली बशी हुकला. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. वय पंचेचाळीस, नोकरी संगणकाची, गणेशोत्सवात खुर्च्या मांडण्याचा वीस वर्षांचा अनुभव. एवढ्यावरून प्रत्येक गावातल्या वाचकाला आपापला नायक ओळखू येईल. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं त्याला हौसेनं नेलं होतं आणि स्वतःची बंदूक हातात दिली होती. पंचवीस बशांपैकी चार फुटल्या. चौथी फुटली तेव्हा आकाशात भुकटीचा एक छोटा पुंजका उमटला आणि वाऱ्यावर विरला. तेवढ्यात गृहस्थ कामातून गेले. परतताना गाडीतच त्यानं ठरवलं, स्वतःची बंदूक घ्यायची.

पण परवडणारी.

हा शब्द मराठी माणसाच्या तोंडून बाहेर पडला, की खरेदी किमान आठ महिने पुढे गेली असं समजावं.

तसं पाहिलं तर या खेळाशी त्याच्या गावाचं नातं जुनं आहे. पूर्वी पेटाऱ्यातून खरी कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. मग काचेचे गोळे उडवायला लागले. १८८० साली सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्की यांनी बशीच्या आकाराच्या मातीच्या कबुतराचं पेटंट घेतलं आणि खऱ्या कबुतरांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे त्या बशीतली माती गेली, डांबराच्या जातीतलं पिच आणि चुनखडीची भुकटी आली. नाव मात्र मातीचं ते मातीचंच राहिलं, आपल्या शिसपेन्सिलीत शिसं नसतं तसं. आजची अमेरिकी बशी १०८ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची असते. म्हणजे अनारशाहून थोडी मोठी. एवढा अनारसा ताशी चाळीसेक मैलांनी पळत असताना फोडायचा.

यातला 'स्कीट' हा प्रकार तर शेजाऱ्याच्या कृपेनं आजच्या रूपात आला. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस आणि मंडळी घड्याळाच्या आकड्यांसारखी गोल फिरत सगळ्या दिशांना नेम धरत. १९२३च्या सुमाराला शेजारी कुक्कुटपालन सुरू झालं. कोंबड्यांवर छर्ऱ्यांचा पाऊस नको म्हणून वर्तुळ अर्धं कापलं. ते अर्धवर्तुळ आजही तसंच आहे, ऑलिंपिकमध्येसुद्धा. खेळाच्या नावासाठी १९२६ साली शंभर डॉलरांचं बक्षीस लावलं, ते मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट यांनी 'स्कीट' हा शब्द सुचवून पटकावलं. बारशाला आत्याबाईंनी एवढी बिदागी घेतल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे नसावं.

दुकानात मात्र आधी बंदूक नाही, आधी कागद. '४४७३' क्रमांकाचा संघराज्याचा अर्ज भरायचा, दुकानदार पार्श्वभूमी तपासून घेणार. आपल्या नायकाकडे ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे तो सुटला. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा नाशिकचा मुलगा अडकला. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. पण कायद्यानं ठेवलेला एक अपवाद असा, की शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं. आता हा मुलगा श्रावणात कांदा-लसूणही न खाणारा. त्याला फोडायची होती चुनखडीची बशी. पण त्यासाठी त्यानं शिकारीच्या शिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केला, हरणाच्या नेमक्या कुठल्या भागावर नेम धरावा याच्या आकृत्या पाठ केल्या, आणि परवाना मिळाल्यावर आईला फोनवर सांगितलं, "अगं, ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच असतं ते." शिवाय ओहायोत निदान एवढ्यावर भागलं. नायकाच्या न्यू जर्सीतल्या मेव्हण्याला तिथल्या नियमाप्रमाणे बंदूक खरेदीचं वेगळं ओळखपत्र काढावं लागलं, आणि तो त्याबद्दल प्रत्येक फोनवर बोलतो.

आता निवड. एकावर एक दोन नळ्यांची 'ओव्हर-अंडर' बंदूक ही या खेळातली पैठणी. ऑलिंपिकमधले बहुतेक सगळे तीच वापरतात. पण तिची बरी जात अडीच हजार डॉलरांच्या आसपास सुरू होते आणि क्रीगहॉफ, पेराझी या घराण्यांत गेलात तर दहा हजारांच्या पुढे. उरली सेमी-ऑटो. चाप एकदा ओढला की एकच बार. पण रिकामं काडतूस ती स्वतःच बाहेर फेकते आणि पुढचं स्वतःच आत घेते. नळी एक, किंमत पाचसहाशेपासून.

या जातीची पहिली गाजलेली बंदूक जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५. तिचा किस्सा नायकाला फार आवडला, कारण त्यात पैशांवरून घासाघीस होती. ब्राउनिंग यांनी तोवरची आपली संशोधनं विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकली होती. या वेळी त्यांनी प्रत्येक नगामागे मानधन मागितलं. कंपनीनं नकार दिला. ते रेमिंग्टनकडे गेले. १९०२च्या जानेवारीत तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठी ते बाहेर बसून होते, तेवढ्यात निरोप आला की हार्टली हृदयविकारानं गेले. ब्राउनिंग यांनी सरळ बेल्जियमची बोट धरली आणि एफएन कंपनीशी सौदा केला. ती बंदूक १९९८पर्यंत निघत राहिली. "बघ, घासाघीस करणाऱ्याचं नुकसान होत नाही," असं नायकानं घरात सांगितलं. घरातून उत्तर आलं, "त्यांनी निदान कुठेतरी सौदा केला हो."

आजच्या सेमी-ऑटोंचे मुख्य पंथ दोन. एक गॅसचा. नळीला बारीक छिद्र असतं. बार उडाला की थोडा वायू तिथून खाली उतरतो, दट्ट्या मागे ढकलतो आणि त्यावर सगळी यंत्रणा चालते. म्हणजे कुकरच्या शिट्टीवर घराचा पंखा फिरवण्यासारखं. यात खांद्याला बसणारा धक्का नाहीसा होत नाही, पण पसरतो. गुद्द्याचा रेटा होतो. मोबदल्यात काजळी साचते आणि बंदूक नियमित साफ करावी लागते. दुसरा पंथ जडत्वाचा, इटलीच्या बेनेली कंपनीनं १९६७पासून रुजवलेला. बस हिसका देऊन सुटली की उभा प्रवासी जागीच राहतो आणि मागच्याच्या अंगावर जातो, हे ज्यानं एसटीत अनुभवलंय त्याला ही यंत्रणा वेगळी समजवावी लागत नाही. बंदूक मागे येते, आतला जड बोल्ट क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि मग उसळून काम करते. भाग कमी, काजळी कमी. पण हिसका हवाच. खांद्याची दया येऊन हलकी काडतुसं घातली, तर यातल्या काही बंदुका मध्येच रुसतात. मातीच्या कबुतरांसाठी, आणि दिवसाला शंभर बार काढायचे असतील तर, गॅसची बाजू उजवी आहे. हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही; सोमवारी सकाळी खांदाच सांगतो.

नायकानं अर्थातच एक्सेलमध्ये तक्ता केला. ट्रायस्टार व्हायपर जी-२, तुर्कस्तानची, गॅसची, स्वस्त. स्टोगर एम-३०००, तीही तुर्कस्तानची, जडत्वाची. सीझेड १०१२, पुन्हा तुर्कस्तान. बेश्येहिरजवळच्या हुग्लू गावात घराघरातून बंदुकांचं काम चालत आलेलं आणि १९६२ सालापासून त्यांची सहकारी संस्था आहे, हे कळल्यावर त्याला इचलकरंजीची आठवण येऊन गहिवरून आलं. पुढे मॉसबर्ग ९४०, विंचेस्टर एसएक्स-४, आणि हजार डॉलरांच्या अल्याडपल्याड बेरेटाची ए-३०० अल्टिमा, जी इटालियन नाव लावून टेनेसीतल्या गॅलटिन गावी तयार होते. बेरेटा घराण्याची पहिली लेखी नोंद १५२६ची, म्हणजे बाबर पानिपतावर उभा होता त्या वर्षाची. या वंशावळीत नायकाला आणखी एक शोध लागला: स्टोगर, फ्रँकी, बेनेली ही सगळी आज बेरेटाच्याच पंखाखाली. तीन दुकानं फिरून भाव पाडायचा आणि शेवटी पैसे एकाच गल्ल्यात. लक्ष्मी रोडवर हे माहीत असतं, इटलीनं फसवलं.

आणि शेवटच्या ओळीत जुनी रेमिंग्टन ११००. १९६३ साली आलेली, गॅसची, मऊ धक्क्याची, अमेरिकेत लाखोंनी खपलेली. कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून आजही बाजारात येते. तिच्यात एक रबरी रिंग असते. ती झिजली की बंदूक दम टाकते. थोडक्या डॉलरांची नवी बसवली की पुन्हा सुरू. कुकरची गॅस्केट दर वर्षी बदलणाऱ्या घराला याहून विश्वासाची यंत्रणा कुठली वाटणार?

तक्त्यात एकच रकाना राहून गेला होता. बंदूक अंगाला बसते का, हा. बहुतेक दस्ते चापापासून चौदा इंच किंवा थोडे जास्त लांब, ते अमेरिकी सरासरी बांध्याला धरून. पाच फूट पाच इंचांच्या माणसानं तो खांद्याला लावला की मान कासवासारखी पुढे काढावी लागते आणि छर्रे भलतीकडे जातात. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच ती. गाल दरवेळी त्याच जागी टेकला पाहिजे, नाहीतर औंसाला साडेतीनशे असलेले साडेसात नंबरचे सगळे छर्रे बशीला वळसा घालून जातात. काही बंदुकांसोबत दस्त्याचा कल बदलायला पातळ चकत्या येतात, नाहीतर कारागिराकडून दस्ता कापून घ्यायचा. तयार पँट आणून शिंप्याकडून खालून दुमडून घेणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. पण छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणाऱ्या चोकच्या नळ्यांचा सहा महिने अभ्यास करणाऱ्या नायकानं एकही बंदूक गालाला लावून पाहिली नव्हती, हे दुकानदारानं विचारल्यावर उघड झालं.

हिशेबाचा खरा घोळ वेगळाच होता. सहाशेची की नऊशेची यावर तो आठ महिने झुरला. फरक तीनशेचा. शंभर बशांच्या एका रविवारी काडतुसांचे चार डबे लागतात. डब्याला दहा डॉलर धरा, वर मैदानाची फी, म्हणजे ऐंशी-नव्वद. तीनशे डॉलर म्हणजे चार रविवारसुद्धा नाहीत. ओहायोचा हिवाळा वगळून वर्षाला तीस रविवार धरले तर अडीच हजारांवर धूर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण त्याच्या पत्नीनं शांतपणे वापरली. कोंबडीचा आणि स्कीटचा संबंध तिला ठाऊक नव्हता, म्हणून ती आणखी लागली.

शेवटी घेतली एक गॅसचीच. दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि नंतर तासभर लोखंडावरचं कुंकू तेलाच्या फडक्यानं पुसलं.

मसाल्याचा खर्च उतरवायला त्यानं विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या मेक कंपनीचं काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र हेरलं. त्यासाठी रिकामी काडतुसं जपायला हवीत. इथे सेमी-ऑटोनं दगा दिला. ओव्हर-अंडरवाला बंदूक उघडून आपली दोन काडतुसं हळूच खिशात टाकतो. हिची मात्र उजवीकडे आठदहा फुटांवर उडतात, कधी शेजाऱ्याच्या टोपीवर. आणि काही क्लबांत जमिनीवर पडलेलं काडतूस क्लबचं, असा नियम आहे. उडणारं काडतूस अडवणारी छोटी क्लिप बाजारात मिळते. ती सध्या एक्सेलमध्ये आहे.

गेल्या रविवारी 'ट्रॅप' या दुसऱ्या प्रकारातल्या तिसऱ्या जागेवर तो उभा राहिला. गाल टेकवला, "पुल!" म्हणून हाक दिली, चाप ओढला. बशी फुटली नाही. मागे बसलेला गुणलेखक नियमाप्रमाणे ओरडला, "लॉस्ट!"

मान वळवून उजवीकडच्या गवताकडे बघत नायक म्हणाला, "नाही नाही, ते काय तिथे पडलंय."