पातळ

तुमच्या ओळखीतही एक राजाभाऊ असणारच. नवा संगणक घ्यायचा आणि त्यावर जुनं काय काय चालत नाही हे त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं, हा त्यांचा सोहळा. आमचे राजाभाऊ डोंबिवलीचे संगीत संयोजक. भक्तिगीतांच्या सीड्या करता करता साठीला आले, पण जीव अजून प्रो-५३ या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये अडकलेला. क्युबेस या संगीताच्या सॉफ्टवेअरने २०१६च्या नवव्या आवृत्तीत प्रो-५३सारखे ३२-बिट प्लगइन बंद केले, तेव्हा यांच्या घरी सुतकच होतं.

म्हटलं, "अहो, जेब्रिज टाका." टाकलं. प्रो-५३ वाजलं. राजाभाऊंनी डोळे मिटले, आणि म्हणाले, "पातळ येतोय."

आता जेब्रिज आवाजाला हात लावत नाही. ते जुन्या प्लगइनला वेगळ्या खोलीत बसवतं आणि दारातून निरोप आत-बाहेर पोचवतं, एवढंच. पण हे सांगायचं कोणाला? सर्ज हा दुसरा सिंथेसायझर दाखवला, २०१८ पासून मुक्त स्रोत, दमडीही लागत नाही. "पातळ." यू-हीचा रेप्रो-५ ऐकवला. किंमत विचारली आणि मग "पातळ". वहिनींची आमटी पातळ, नव्या गायिकेचा षड्ज पातळ, जावयाचा मुद्दा तर कायमच पातळ.

गंमत अशी की प्रो-५३ ही मुळात नक्कलच! अस्सल होता प्रॉफेट-५, सिक्वेन्शियल सर्किट्सचा, १९७८चा, एका वेळी पाच स्वर वाजवणारा. संगणकातला अवतार आला तेव्हा राजाभाऊंचे उस्ताद नाक मुरडून म्हणाले होते, "पातळ आहे रे."

एकदा त्यांनी जुनं गाणं नव्या संगणकावर उघडलं. 'प्लगइन सापडत नाही' अशी पाटी आली. पडद्यावर रंगीत पट्ट्या सगळ्या जागच्या जागी, फिरवलेल्या बटणांची नोंदही फाइलमध्ये शाबूत. वाजायला मात्र काही नाही. फक्त गायकाचा आलाप येत राहिला, खाली आधार नसलेला. तो गायक आता नाही. राजाभाऊंनी 'पातळ' म्हटलं नाही.

तेव्हापासून टेबलाखालच्या एक्सपीवाल्या डब्यावर ते एकेक ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवतात. स्वतःचेच नाहीत; कल्याण-बदलापूरची पोरं हार्ड डिस्क घेऊन येतात, त्यांचेही. पैसे घेत नाहीत, वर चहा पाजतात. माणूस छळवादी आहे, पण असा दुसरा मिळायचा नाही, हे नाइलाजाने लिहावं लागतंय.

परवा त्यांनी सर्जमध्ये आठवडाभर खपून त्या जुन्या गाण्यातल्या पॅडचा आवाज जुळवला आणि वहिनींना न सांगता दोन्ही ऐकवले. भाजी निवडत वहिनी म्हणाल्या, "तेच दोनदा काय लावताय?"

वहिनींचे कान पातळ झालेत, असं आता सोसायटीभर कळलंय.