ऑरेंज रफी माशास अनावृत पत्र

प्रति,
श्री. ऑरेंज रफी,
मुक्काम समुद्राच्या पोटातला डोंगर, खोली १,००० मीटर, न्यूझीलंड.

स. न. वि. वि.

आपल्याविरुद्ध तक्रारी फार साचल्या, म्हणून हे पत्र. आधी आमचे उपकार ऐका. तुमच्या कुळाच्या इंग्रजी नावाचे सरळ मराठी केले तर ‘शेंबडोके’ असे काहीतरी होते. अशा नावाचा मासा पानात कोण वाढून घेईल? म्हणून १९७०च्या दशकात बाजाराने तुमचे नवे बारसे केले. जिवंतपणी तुम्ही विटकरी लाल. नारिंगी होता ते मेल्यावर. मरणोत्तर रंग पाहून बारसे झालेला दुसरा भाग्यवान आमच्या ऐकिवात नाही.

पहिली तक्रार तुमच्या आळसाची. त्याच दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडजवळच्या चॅथम राइज या समुद्रतळावरच्या उंचवट्यावर ट्रॉलर आले, टनावारी मासळी निघू लागली. तुम्ही भराभर वाढत असाल असे आम्ही धरून चाललो. पण तुमची पंचविशी-तिशी उलटते तरी तुम्ही वयातच येत नाही! तुमच्या वयाचा दाखला कानातल्या खड्यावरच्या बारीक वर्तुळांत असतो म्हणे. आम्हाला तो नीट वाचता येईपर्यंत निम्मी पंगत उठली होती. ही माहिती आधी कळवायला काय झाले होते?

दुसरी तक्रार जमावाची. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, गाबोळीने भरलेले तुम्ही डोंगरांभोवती गर्दी करता. अशी गर्दी यंत्राच्या पडद्यावर दिसल्यावर कोणता खलाशी जाळे आवरेल? आमचे कोकणातले लोक जुन्या वळणाचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. मासळी विणीला आलेली असते म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. तुमच्याकडे नेमका तोच हंगाम!

तिसरी तक्रार शेजाऱ्यांची. ट्रॉलच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या लोखंडी फळ्या टनाटनाच्या, खालच्या दोरीला रबराची नि पोलादाची चाके. एवढा संसार तळावरून ओढत न्यायचा, तर वाटेत शेकडो वर्षांची प्रवाळे हवीत कशाला? वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढायचे आणि धक्का लागताच मोडायचे! टास्मानियाच्या दक्षिणेला ज्या डोंगरांवरून जाळी वारंवार फिरली, तिथे उघडा खडक राहिला. इतकी झाडलोट फुकट करून मिळाली, त्याचे आभारही नाहीत.

चौथी तक्रार सर्वांत गंभीर: तुम्ही संपत चाललात. न्यूझीलंडजवळच्याच चॅलेंजर या समुद्रतळावरच्या पठारावर इतके थोडे उरलात की २००० साली तिथली मासेमारी बंद करून दहा वर्षे थांबावे लागले. आमच्या दृष्टीने दहा वर्षे म्हणजे केवढा त्याग! तुमच्या दृष्टीने तेवढ्यात पोर मिसरूड फुटण्याच्या जवळपासही येत नाही, हा दोष आमचा नव्हे.

तरी आम्ही निर्दय नाही. २००७ साली न्यूझीलंडने आपल्या हद्दीतला सुमारे ३० टक्के समुद्रतळ ट्रॉलिंगला बंद केला. त्यातला बराचसा भाग इतका खोल, की तिथे जाळे पोहोचतच नव्हते. घरात दाणा नसताना एकादशी धरावी, तसे हे पुण्य! युरोपीय संघाने मात्र २०१६ साली आपल्या पाण्यात ८०० मीटरच्या खाली तळ खरवडायला मनाई केली. हा आडमुठेपणा सगळीकडे पसरला, तर तुमची वाट पाहणाऱ्या अमेरिकेतल्या फ्रीझरांनी काय करावे?

तेव्हा विनंती एवढीच: लवकर वयात या, भराभर विणा आणि प्रवाळांनाही जरा घाई करायला सांगा. जाळ्याला हळू चालायला सांगणे आम्हाला जमणार नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक मासेखाऊ

ता. क. तुमच्यातले काही २०० वर्षांहून अधिक जगतात. १९९० साली असा एखादा जाळ्यात आला असेल, तर तो सवाई माधवरावांच्या पेशवाईतला किंवा त्याच्याही आधीचा. १९९० सालीच जन्मलेले पिल्लू, वाचले असेल तर, अंडी घालण्याजोगे झाले २०२०च्या आसपास.